हिरव्या तारांची जोडी

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. हात धुळीनं माखलेत, केसांत जळमट अडकलंय आणि मी शाळेच्या पायरीवर बसून मोबाइलवर टाइप करतेय. घरी जाऊन निवांत लिहू म्हटलं तर यातलं निम्मं डोक्यातून जाईल, मला माहितीये. म्हणून आत्ताच.

आज मी माझ्याच शाळेत कामाला आलेय. वडगावातली शाळा, जिथं मी अकरावी-बारावी केली. हल्ली मी केबलिंगचं काम करते. कंपन्यांमध्ये, हॉटेलांत, लोणावळ्याच्या बंगल्यांत, जिथं म्हणून नेटच्या तारा ओढायच्या तिथं मी. शाळेतल्या जुन्या तारा काढून नव्या टाकायच्या होत्या. ऑफिसात क्लार्क काकांच्या टेबलाखाली शिरले, त्यांच्या कॉम्प्युटरपासून भिंतीवरच्या डबीपर्यंत गेलेली हातभर केबल ओढून काढली, तिचं टोक उजेडात धरलं आणि तिथंच फतकल मारून बसले. टेबलाखाली!

त्या टोकात दोन हिरव्या तारा अगदी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? अहो, तेच तर सांगायचंय.

आम्ही अकरावीत होतो तेव्हा तळेगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीनं आमच्या शाळेशी ठरवलं, की दर शनिवारी कंपनीचा माणूस येऊन मुलांना नेटवर्किंग शिकवणार. आम्ही त्याला 'कंपनीचा तास' म्हणायचो. पहिल्या दिवशी एक साहेब आले, चकाचक बूट, पडद्यावर चित्रं दाखवत तासभर बोलले आणि आम्हाला एक अक्षर कळलं नाही. टाळ्या मात्र जोरात वाजवल्या. मग मागच्या बाकावरून एक माणूस उठला, पिशवीतून केबलचं भेंडोळं काढलं आणि म्हणाला, "चला, हात काळे करू."

हे आमचे भाऊ. कंपनीत तारा ओढायचं आणि बिघाड शोधायचं काम करायचे. घोरावाडीला राहायचे, शनिवारी लोकलनं यायचे. आम्ही सर म्हणायला गेलो तर म्हणाले, "सर तुमचे वर्गात. मी पवन मावळातला शेतकऱ्याचा पोरगा आहे, मला भाऊ म्हणा." त्यांनी केबलचं वरचं साल सोललं आणि आतल्या आठ बारीक तारा पंख्यासारख्या पसरून दाखवल्या. दोन-दोन तारांना एकमेकींचा पीळ. नारिंगीची जोडी, हिरव्याची, निळ्याची, चॉकलेटीची. प्रत्येक जोडीत एक भरीव रंगाची आणि एक पांढरी, त्या रंगाची रेघ असलेली.

"ही आठ माणसं," भाऊ म्हणाले. "एकाची जागा चुकली तर सगळं गाव मुकं."

कंपनीनं शाळेला त्यांचे दोन जुने स्विच दिले होते. म्हणजे तो डबा हो, ज्यात सगळ्या केबली येऊन लागतात आणि बारके दिवे लुकलुकतात. शिवाय केबलची खोकी, टोकाला लावायचे प्लास्टिकचे कनेक्टर, ते घट्ट दाबून बसवायचा पकडीसारखा क्रिम्पर आणि तार नीट लागली का बघायचा टेस्टर. आणि भिंतीवर एक रंगीत तक्ता, कुठल्या जागी कुठला रंग त्याचा.

आता माझी मैत्रीण. आम्ही दोघी कार्ल्याकडच्या. माझं घर खाली रस्त्यालगत, तिचं वर डोंगरावरच्या वाडीत. ती सकाळी अंधारात निघून खाली उतरायची, मी रस्त्यावर तिची वाट बघायचे, मग मळवलीपर्यंत चालत आणि तिथून लोकलनं वडगाव. तिचे वडील, त्यांना ती आबा म्हणायची, लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करायचे. आई तिथंच धुणंभांडी करायची. पोरगी अशी, की बोटं नुसती पाण्यासारखी चालायची. गजरा करताना बघायचं तिला! आणि तोंड तर त्याहून जोरात.

आमचा चौघींचा गट होता. मी, ती आणि आणखी दोघी, सगळ्या भातशेतीच्या गावांतल्या. भाऊंनी सांगितलं की प्रत्येकीनं एक-एक केबल करायची. आम्ही काय केलं? सरळ सावड केली.

सावड म्हणजे आमच्याकडे भातलावणीला करतात ना, आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या. आणि खाचरात कामं वाटलेली. कुणी रोपं उपटायची, कुणी मुठी बांधायच्या, कुणी लावत जायचं. जिला जे जमतं ते तिनं करायचं आणि दुसरीच्या कामात डोकं घालायचं नाही. लहानपणापासून असंच बघितलेलं. त्यामुळे कुणी ठरवलंही नाही, आपोआप झालं. एकीनं साल सोलायचं, माझ्या मैत्रिणीनं रंग लावायचे, माझ्या हातात जोर म्हणून मी क्रिम्पर दाबायचा आणि चौथीनं टेस्टर लावून ओरडायचं, "आठच्या आठ!"

काय वेग होता आमचा! बाकीच्या गटांची एक व्हायची तोवर आमच्या चार. भाऊ हसून म्हणायचे, "पोरींनी कारखानाच काढला की." लॅबमधल्या सगळ्या छोट्या केबली आम्ही केल्या. क्लार्क काकांचीसुद्धा. मी महिनोन्‌महिने क्रिम्पर दाबला आणि रंगांचा क्रम मला येत नव्हता. खरंच येत नव्हता. तो माझा भागच नव्हता ना!

दिवाळीनंतर भाऊंनी सांगितलं, की मे महिन्यात कंपनी आपल्या शाळेतल्या दोघांना कारखान्याच्या आत शिकायला घेणार आणि बारावीनंतर त्यांनाच पुढं अप्रेंटिसला ठेवणार. त्या दिवशी स्टेशनकडे चालताना ती माझ्यापुढं पुढंच पळत होती. मी कोपरानं ढोसलं तर म्हणाली, "आबा म्हनले, बारावी झाली की बंगल्यावर ये. मालकिणीला सैपाकाला पोरगी पायजे. सांगून ठेवलंय त्यांनी."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हनलं, कंपनीनं घेतलं तर? तर म्हनले, कंपनीनं घेतलं तर मग मी कशाला आडवा येतोय." मग चपलेनं खडा उडवत म्हणाली, "पर घ्यायला पायजे ना गं. न्हाई घेतलं तर लाटणं हायेच हातात."

मलाही कंपनीत जायचं होतं हो, खोटं कशाला बोलू. पण मला नाही घेतलं तर मी कॉलेजला जाणार होते. तिला नाही घेतलं तर तिथंच सगळं संपत होतं. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि त्यानंतर आम्ही त्यावर एकदाही बोललो नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी बूटवाले साहेब बघायला येणार होते. आमच्या गटाला काम दिलं होतं, लॅबपासून मुख्याध्यापकांच्या ऑफिसपर्यंत केबल टाकायची. लॅब मैदानाच्या या टोकाला, ऑफिस त्या टोकाला, मधे पाण्याची टाकी आणि लांबलचक व्हरांडा. साठेक मीटर असेल. आम्ही शुक्रवारीच ओढून ठेवली, दोन्ही टोकं केली, आमच्या पद्धतीनं, सावडीनं. टेस्टर लावला. आठच्या आठ!

शनिवारी सगळे ऑफिसात जमले. मुख्याध्यापकांनी केसांवरून हात फिरवला, जसा काही कॉम्प्युटर त्यांचा फोटोच काढणार होता, आणि बातम्यांचं पान उघडलं. वरून फोटो यायला लागला. कुणा पुढाऱ्याचं कपाळ आलं. आणि थांबलं. परत उघडलं. भुवया आल्या. थांबलं.

"हे काय, हप्त्याहप्त्यानं येणार का?" मुख्याध्यापक म्हणाले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. भाऊंनी टेस्टर लावला, आठ दिवे ओळीनं लागले. भाऊंच्या कपाळावर आठी. त्यांनी कात्रीनं केबलचं टोक कापलं, कनेक्टर उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, "रंग कुणी लावले?"

"आम्ही," आम्ही चौघी एका सुरात.

"आम्ही म्हणजे कोण?" साहेब म्हणाले.

"आम्ही म्हणजे... सगळ्यांनी."

"अगं, एका कनेक्टरमध्ये चौघींचे हात कसे जातील?"

आता बाहेरच्या माणसाला कसं सांगायचं, की सावडीत एखादी ओळ वाकडी गेली तर कुणाची गेली हे कुणी विचारत नाही. विचारायचंच नसतं. बांधावर बसून भाकरी खाताना थट्टा होते तेवढीच. आम्ही चौघी खाली माना घालून उभ्या होतो आणि मला माझ्या मैत्रिणीचा श्वास ऐकू येत होता. पण भाऊ आमच्यातलेच. त्यांना कळलं. "सावड केली व्हय गं तुमी?" ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना.

तेवढ्यात ती बोलली. "रंग मी लावले. ह्यांचा काय संबंध न्हाई."

"तक्ता बघून लावले?"

"बघून लावले. पर तक्ता चुकलाय. त्यात हिरव्याची जोडी मोडलीय. एक हिकडं आन् एक पार तिकडं. छापनाऱ्याची चूक आसंल, म्हनून मी नीट केलं. सगळ्या जोड्या शेजारी शेजारी बसवल्या."

भाऊंनी कनेक्टर परत उजेडात धरला. मग क्लार्क काका फिस्सकन हसले. साहेबही हसले. आणि ती लालबुंद. सगळ्या वर्षभराच्या केबली! सगळ्या तिनं 'सुधारल्या' होत्या, आणि आम्ही तिघींनी एकदाही डोकावून बघितलं नव्हतं.

भाऊ मात्र तिच्यासमोर उकिडवे बसले आणि जमिनीवर खडूनं आठ रेघा काढल्या. "हे बघ बाय. तिसरी जागा आन् सहावी जागा मिळून एकच काम करतात. म्हणून त्या दोन जागांवर एकाच पिळातल्या तारा पायजेत. त्या हिरव्याच्या. तू काय केलंस, तिसरीवर हिरव्याची बसवली आन् सहावीवर निळी आली. दोघींचा पीळ वेगळा. हातभर केबलीत भागून जातं. टेस्टरला पण कळत नाही, कारण दोन्ही टोकांना तू सारखंच केलंस. पण लांब गेलं की एकीचं बोलणं दुसरीच्या कानात शिरतं."

ती रेघांकडे बघत राहिली. "म्हंजे जोडी मोडल्यावानी दिसती, पर मोडलेली नसती."

"व्हय. कामाला एकत्रच हायेत त्या."

साहेब उठले. म्हणाले, "मला एक वाजता निघायचंय. पुन्हा करा. पण आता सावड नाही. रंग लावणारी या टोकाला बसेल, क्रिम्पर दाबणारी कोण ती, ती त्या टोकाला. पूर्ण टोक एकटीनं करायचं. अर्धा तास तयारीला घ्या." बाकीच्या दोघींना लॅबमध्ये छोटी केबल करायला बसवलं.

बघा ना, दोन्ही टोकं बरोबर असतील तरच दिवा लागणार. तिचं टोक कितीही चांगलं झालं आणि माझं चुकलं, तर ती पण गेली. आणि मला रंग येत नव्हते!

आम्ही व्हरांड्यात फरशीवर बसलो. मी म्हणाले, "ए, मला पाठ होणार नाही गं हे."

"पाठ कशाला करती? पंगत हाय असं समज," ती म्हणाली. "पैलं नारिंगीचं जोडपं बसलं, पांढरी आदी, मग नारिंगी. त्याच्या शेजारी हिरव्याची पांढरी बसली आन् नवऱ्याला जागा धरून ठेवली. तेवढ्यात निळं जोडपं आलं आन् बसलं की मधीच! ते पन उलटं, निळा आदी आन् त्याची पांढरी नंतर. मग हिरवा बिचारा त्यांच्या पल्याड. आन् शेवटाला चॉकलेटी जोडपं, नीट, शहाण्यासारखं."

मी इतकी हसले की ठसका लागला. आणि पाठ झालं. आजही, खरं सांगते, आजही प्रत्येक कनेक्टरला माझ्या डोक्यात ती पंगत बसते.

मग मी तिला क्रिम्पर शिकवला. तिची मूठ बारकी, क्रिम्पर निम्म्यावर जाऊन परत उघडायचा. "मांडीवर टेकव. दोन्ही हातांनी दाब. कट्ट आवाज येईपर्यंत सोडायचं नाही."

"मोडंल की!"

"नाही मोडत गं. दाब. भाकरीचं पीठ नाहीये ते."

"तेच नको म्हनून तर दाबतेय," ती म्हणाली आणि जीव खाऊन दाबला. कट्ट.

मग ती ऑफिसात गेली, मी लॅबमध्ये. मधे अख्खं मैदान. तिकडं ती काय करतेय मला दिसत नव्हतं आणि तिला मी. माझ्या बोटांना इतका घाम, की तारा निसटायच्या. हिरव्या रेघेची पांढरी आणि निळ्या रेघेची पांढरी, उजेड कमी असला की सारख्याच दिसतात. दाराशी जाऊन बघून आले. हिरव्याच्या बायकोनं जागा धरली, निळं जोडपं मधीच... तोंडानं पुटपुटतच होते. तारा आत सरकवल्या. दाबलं. स्विचमध्ये खोचलं. काहीच नाही. तिकडून तिचं झालंच नव्हतं अजून. मी त्या बारक्या दिव्याकडे बघत उभी. किती वेळ गेला देव जाणे.

आणि दिवा लागला. लुकलुकायला लागला. मी दारात जाऊन ओरडले, "लागलाऽऽ!" आणि मैदानापलीकडून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "आलं, आलं, सगळं तोंड आलं!" पुढारी एकदाचे पूर्ण दिसले होते.

इथंच संपलं असतं तर किती गोड झालं असतं ना? पण साहेब आधी तिचं टोक बघून मग लॅबमध्ये आले. माझा कनेक्टर हातात घेतला. घाईत मी वरचं साल जास्त सोललं होतं, तारा कनेक्टरच्या बाहेर उघड्या दिसत होत्या. साहेबांनी हलकेच ओढलं आणि टोक त्यांच्या हातात आलं. "आज चाललं, पण टिकलं नसतं," एवढंच म्हणाले. रागावून नाही.

तिला घेतलं. दुसऱ्या गटातल्या एका मुलाला घेतलं. मला नाही.

परतताना लोकलमध्ये ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. आनंद झाला होता, खोटं नाही, पण वाईटही वाटत होतंच. कामशेत आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुजं टोक लागलं म्हनून माजं दिसलं." झालं! मी तिथंच रडायला लागले आणि मग ती पण, आणि समोर बसलेल्या मावशी घाबरून विचारायला लागल्या, "काय गं पोरींनो, नापास झालात का?"

पुढच्या शनिवारी भाऊंनी आम्हाला लॅबमधल्या आमच्या सगळ्या केबली आणून दिल्या. सगळी टोकं कापायची आणि नव्यानं करायची. पण आता दर केबलीला जागा बदलायची, सोलणारीनं रंग लावायचे, रंग लावणारीनं दाबायचं. "सावड मोडू नका," भाऊ म्हणाले, "पण सगळ्या खाचरांत उतरा." इतका उशीर लागला त्या दिवशी, आणि इतका हसलो.

क्लार्क काकांची केबल मात्र राहून गेली. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आणि आज ती माझ्या हातात! हिरव्याची जोडी न मोडता, इतकी वर्षं, गुपचूप चाललीये. मी लॅबमध्येही जाऊन आले. तो तक्ता अजून आहे, कपाटामागं, ओल येऊन पोपडे धरलेला. त्याच्यावर बॉलपेननं काढलेला तिचा बाण, हिरव्याला हिरव्याकडे नेणारा, अजून दिसतो.

तिला फोन लावला. ती आता पुण्यात असते, नेट चालवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांनी भरलेल्या थंडगार खोल्या सांभाळते, भर मे महिन्यात स्वेटर घालून. मी म्हणाले, "ओळख, माझ्या हातात काय आहे." तिला पहिल्या फटक्यात कळलं.

"काढलीस का?"

"काढली. काका म्हणत होते, चालतंय ते, कशाला हात लावता."

"बरं केलंस. कुनी बघितली असती तर माजी लाज गेली असती." मागं यंत्रांचा घूं घूं आवाज. "पर टाकू नको. घेऊन ये मला. आबांना दाखवायचीय. त्यांना अजून वाटतं, मी पैल्यापासून हुशारच होते."

काकांची नवी केबल मी आत्ताच करून लावली. पंगत मनात म्हणत. साल बरोब्बर आत घेऊन. ओढून बघितलं, निघालं नाही. जुनी माझ्या पिशवीत आहे, रविवारी तिच्या आबांकडे जाणार.

आता तुम्ही सांगा. तुमच्या हातचं असं काही आहे का, चुकीचं केलेलं, विसरून गेलेलं, आणि तरी कुठल्या तरी टेबलाखाली अजून इमानानं चालू असलेलं? सापडलं का कधी तुम्हाला? आणि सापडल्यावर पहिला फोन कुणाला लावलात?